जुन्या टू-स्ट्रोक आउटबोर्डसाठी ई२० पेट्रोल वापरावे की इथेनॉल नसलेले १०० ऑक्टेन?

पाणकावळा (कोथरूड)

सर्वांस नमस्कार. माझ्याकडे १९९६ सालची, १५ अश्वशक्तीची, दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लावायची) मोटर आहे. ती आणि एक फायबरची होडी आम्ही कुंभारगावला एका परिचितांच्या अंगणात ठेवतो आणि नोव्हेंबर ते एप्रिल या काळात महिन्यातून दोन-तीन वेळा उजनीच्या पाणफुगवट्यात पक्षी पाहायला जातो. महिन्याला साधारण वीस लिटर पेट्रोल लागते. मे अखेरीस मोटर उतरवून ठेवली की ती थेट दिवाळीनंतरच बाहेर निघते.

यंदा ती सुरूच होईना. कार्ब्युरेटर उघडल्यावर वाटीच्या तळाशी पांढरी भुकटी दिसली, फ्लोटच्या नीडलचे रबरी टोक फुगलेले होते आणि हाताने दाबायचा प्रायमर बल्ब बोटांना चिकटू लागला होता. टाकीत पावसाळाभर राहिलेले पेट्रोल काचेच्या बरणीत काढून रात्रभर ठेवले, तेव्हा सकाळी त्यात दोन थर स्पष्ट दिसत होते. माझा अंदाज आहे की हा इथेनॉलचाच प्रताप असावा. आता दोन मार्ग दिसतात. पहिला म्हणजे पुण्यातून १०० ऑक्टेनचे पेट्रोल दीडपट पैसे देऊन नेणे, आणि दुसरा म्हणजे मोटरच ई२० साठी (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी) तयार करून भिगवणच्या पंपावर मिळेल ते भरणे. जुन्या मोटरला इतके जास्त ऑक्टेन बाधेल का, हेही जाणकारांनी सांगावे.

जुना फिटर (भोसरी)

आपण बरणीत पाहिले ते निदान पुरेसे आहे, पण त्यामागचे कारण नीट समजून घेतले तर निर्णय सोपा होईल. इथेनॉल पाण्याला धरून ठेवते. दहा टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल साधारण १५ अंश तापमानाला लिटरमागे सुमारे पाच मिलिलिटर पाणी पोटात घेऊ शकते. म्हणजे आपल्या २४ लिटरच्या टाकीत अर्धा पेला पाणी शिरले तरी वरून काहीच कळत नाही. त्याहून जास्त पाणी आले किंवा रात्री थंडी वाढली की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी बसतात. ई२० ही मर्यादा जास्त उशिरा ओलांडते, परंतु ओलांडल्यावर तळाचा थरही तितकाच मोठा असतो, कारण २४ लिटरमध्ये जवळपास पाच लिटर इथेनॉलच असते. हे पाणी हवेतून हळूहळू येते त्यापेक्षा टाकीच्या झाकणाच्या हवेच्या छिद्रातून, पावसाच्या शिंतोड्यांतून आणि अर्धवट भरलेल्या टाकीच्या आतल्या बाजूला धरणाऱ्या दवातून जास्त येते.

टू-स्ट्रोकसाठी खरा धोका इथेच आहे. आपण पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑइल वरच्या थरात राहते, आणि टाकीतली नळी मात्र अगदी तळातून ओढते. मोटर त्या थरावर दोन मिनिटे जरी चालली तरी बेअरिंग आणि पिस्टनला ऑइल मिळत नाही, आणि आवाज बदलल्याचे लक्षात येईपर्यंत मोटर सीझ झालेली असते. आपली मोटर सुरूच झाली नाही, याबद्दल मी तरी देवाचे आभार मानीन.

दुसरी बाब मिश्रण पातळ होण्याची, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडण्याची आहे. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला केवळ नऊ पट लागते. ई२० चा हिशेब साडेतेराच्या आसपास येतो. गाडीतील इंजेक्शन हे ओळखून इंधन वाढवते, पण आपल्या कार्ब्युरेटरचा जेट (इंधन सोडणारे बारीक छिद्र) १९९६ मध्ये जेवढा होता तेवढाच आहे. त्यामुळे मोटर सुमारे आठ टक्के पातळ मिश्रणावर चालते आणि जास्त तापते. जुन्या आउटबोर्ड कारखान्यातूनच थोड्या दाट मिश्रणावर लावलेल्या असत, म्हणून बऱ्याच जणांना त्रास जाणवत नाही, पण पूर्ण थ्रॉटलवर अर्धा तास चालवल्यानंतर प्लग काढून पाहावा. तपकिरी असेल तर ठीक, पांढुरका असेल तर नाही.

आउटबोर्ड बनवणाऱ्या बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकांत १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असे लिहिलेले असते. अमेरिकेत तर १५ टक्क्यांचे पेट्रोल बोटींच्या इंजिनात वापरण्यास मनाई आहे. आपल्याकडे जून २०२२ मध्ये सरासरी १० टक्क्यांचा टप्पा गाठला गेला आणि २०२५ मध्ये तो २० टक्क्यांवर आला, त्यामुळे साध्या पंपावर आता पर्याय राहिलेला नाही.

ऑक्टेनबद्दल, म्हणजे ठोके न देता जळण्याच्या पेट्रोलच्या क्षमतेबद्दल, आपण निश्चिंत राहावे. आपल्या मोटरचे कॉम्प्रेशन कमी असल्यामुळे १०० ऑक्टेनने ताकद वाढणार नाही आणि अपायही होणार नाही. ते दीडपट पैसे आपण ऑक्टेनसाठी नव्हे, तर इथेनॉल नसण्यासाठी देत आहात. असे १०० ऑक्टेनचे इंडियन ऑइलचे एक्सपी१०० डिसेंबर २०२० मध्ये ज्या दहा शहरांत पहिल्यांदा आले त्यांत पुणे होते, त्यामुळे आपल्याला ते शोधायला लांब जावे लागणार नाही. त्याच कंपनीचे ९५ ऑक्टेनचे एक्सपी९५ मात्र त्यासाठी घेऊ नये, त्यात इथेनॉल असते.

कुंभारगावकर

मी पर्यटकांना रोहित दाखवायला हंगामात रोज होडी काढतो, म्हणून माझा अनुभव वेगळा आहे. माझ्या मोटरला रोज आठ-दहा लिटर लागते, त्यामुळे पेट्रोल टाकीत दोन-तीन दिवसांच्या वर राहतच नाही आणि थर पडायला त्याला सवड मिळत नाही. मी भिगवणचे साधे पेट्रोलच वापरतो. मात्र दोन वर्षांपूर्वी सर्व रबरी नळ्या, बल्ब, पंपाचा डायफ्रॅम आणि नीडल बदलून घेतली, मुख्य जेट एक क्रमांक मोठा बसवला आणि नळीवर पाणी वेगळे करणारा दहा मायक्रॉनचा फिल्टर लावला. पहिल्या दोन टाक्यांत तो फिल्टर दोनदा भरला, कारण इथेनॉलने टाकीतला वर्षानुवर्षांचा चिकटा सुटून आला. त्यानंतर तक्रार नाही.

आपली होडी महिन्यातून दोनदा निघते, तेव्हा माझे गणित आपल्याला लागू पडणार नाही. पण इथे येऊन पेट्रोल संपले तर काय, याचा विचार करून ही रबराची कामे आपणही करून घ्यावीत, असे मला वाटते. शंभर किलोमीटर मागे जाऊन पेट्रोल कोण आणणार?

टॉप गिअर (हडपसर)

इतका खर्च कशाला करावा? साध्या पेट्रोलमध्ये थोडे पाणी घालून डबा हलवावा, इथेनॉल पाण्याबरोबर खाली बसते, मग वरचे पेट्रोल काढून घ्यावे. माझ्या एका मित्राने गवत कापायच्या यंत्रासाठी असे केले होते.

जुना फिटर (भोसरी)

ही युक्ती तपासणीसाठी उत्तम आहे, इंधन बनवण्यासाठी मुळीच नाही. शंभर मिलिलिटरच्या मापाच्या नळकांड्यात दहा मिलिलिटर पाणी आणि नव्वद मिलिलिटर पेट्रोल घालून हलवावे, आणि खालचा थर दहावरून अठ्ठावीसच्या आसपास गेला तर ते ई२० आहे हे समजावे. पण इथेनॉल काढले की त्याने वाढवलेले ऑक्टेनही त्याच्याबरोबर जाते, आणि उरलेले पेट्रोल ठोके देऊ लागते. शिवाय वीस लिटर पेट्रोल घरात उघडे हलवत बसणे म्हणजे जीवाशी खेळ आहे. आपल्या मित्रांचे यंत्र लहान होते, एवढेच त्यांचे नशीब. बाजारात मिळणारे स्टॅबिलायझरही एकदा पडलेले थर पुन्हा एकत्र करू शकत नाही, हेही लक्षात असावे.

पाणकावळा (कोथरूड)

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. मी असे ठरवले आहे की रबराचे सर्व भाग आणि फिल्टर या महिन्यातच बदलून घ्यावेत, जेट मात्र तूर्त तसाच ठेवावा, आणि नेहमीचे वीस लिटर पुण्यातूनच १०० ऑक्टेन न्यावे. महिन्याला हजार-बाराशे रुपयांचा फरक पडेल, पण क्रँक नव्याने करून घेण्यापुढे तो काहीच नाही. अडचणीच्या वेळी भिगवणला ई२० भरले तर ते त्याच दिवशी संपवीन.

दोन शंका राहिल्या आहेत. पेट्रोल गाडीतून नेण्यास कायद्याची अडचण येते का? आणि मे अखेरीस मोटर ठेवताना कार्ब्युरेटर सुकेपर्यंत चालवावी का?

जुना फिटर (भोसरी)

विक्रीसाठी नसलेले ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय नेता येते. धातूचे भांडे २५ लिटरपेक्षा मोठे नसावे, इतके पाहावे. प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये बरेच पंप भरून देत नाहीत आणि ते योग्यच आहे.

सुकेपर्यंत चालवण्याची पद्धत मला टू-स्ट्रोकसाठी पटत नाही, कारण शेवटचे अर्धे मिनिट मोटर पातळ मिश्रणावर आणि कमी ऑइलवर फिरते. वाटीच्या तळाचा स्क्रू काढून पेट्रोल ओघळू द्यावे, प्लगच्या छिद्रांतून चमचाभर ऑइल घालून फ्लायव्हील हाताने दोन-चार वेळा फिरवावे आणि टाकी पूर्ण रिकामी करून उन्हात कोरडी करावी. इथेनॉल नसलेले पेट्रोलही पाच महिन्यांत शिळे होते, त्यामुळे ते महाग आहे म्हणून टाकीत राखून ठेवू नये, गाडीत ओतून संपवावे. मात्र त्यात ऑइल मिसळलेले असेल तर गाडीत ओतू नये.

आणि ऑइलचा विषय निघालाच आहे तर, स्कूटरचे टू-टी ऑइल आउटबोर्डमध्ये वापरत असाल तर ते थांबवावे. पाण्याने थंड होणाऱ्या मोटरसाठी टीसी-डब्ल्यू३ दर्जाचे ऑइल घ्यावे. आपल्या मोटरच्या पुस्तिकेत ५० ला १ असे प्रमाण दिलेले असल्यास वीस लिटरला ४०० मिलिलिटर होतात. पंपावर अंदाजाने ओतण्यापेक्षा घरूनच मोजून बाटलीत नेलेले बरे.