हिमगौरी मोठेपणी पुन्हा पाहायची, तर जुनी कॅसेट की धुतलेली प्रत?

कापूसकोंड्या, आर्वी

कोजागिरीला दूध आटेपर्यंत मंडळींना जागं ठेवायला यंदा बऱ्याच गावांत प्रोजेक्टरचा बेत आहे. भुलाबाईची गाणी आणि खिरापत आटोपली की पडद्यावर 'हिमगौरी आणि सात बुटके'. डिस्नेचा १९३७ चा पट, ८३ मिनिटांचा. आणि तो पोरांसाठी नाही, पस्तिशी-चाळिशीतल्या लोकांसाठी. त्यांची मागणी एकच: "लहानपणी पाहिलेली तीच जुनी प्रत आणा, नवी फार चकचकीत वाटते."

माझं मत उलटं आहे. जुनी प्रत लावली तर पटाऐवजी कॅसेटचे दोषच पुन्हा दिसतील. आपल्याकडच्या व्हिडिओ सीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, दोन चकत्यांत तोडलेलं. कॅसेटवर रंगाचा तपशील तर उजेड-अंधाराच्या तपशिलाहून कितीतरी कमी. आता या पटात आकृत्यांच्या कडा सरसकट काळ्या नाहीत. शाईकाम करणाऱ्या बायकांनी त्या रंगीत शाईनं ओढल्यात, बऱ्याच ठिकाणी ज्या रंगाचा भाग त्याच रंगाची गडद छटा घेऊन. कॅसेटवर त्या सगळ्या करड्या होतात. मोठेपणी हा पट पाहण्याचं खरं कारण मला हे हातकाम वाटतं. गोष्ट काय, सगळ्यांना पाठ आहे.

म्हणून धुतलेली, म्हणजे संगणकावर डाग काढून सुधारलेली प्रत, मूळ वेगानं, मोठ्या पडद्यावर. पटू नये त्यानं बोलावं.

नक्कोबा, दिग्रस

नाही पटत. धुतलेली प्रत म्हणजे मूळ प्रत, हा समज कुठून आला? त्याच स्टुडिओच्या सिंड्रेलाचं (१९५०) उदाहरण घ्या. २०१२ च्या ब्लू-रे चकतीत फिल्मचा दाणा, म्हणजे चित्रावर दिसणारा बारीक रवाळपणा, इतका खरवडला की त्याच्यासोबत केसांच्या आणि कपड्यांच्या घड्यांच्या बारीक रेघाही गेल्या. आरडाओरडा झाला. २०२३ च्या ४के प्रतीत दाणा आणि रेघा परत आल्या. म्हणजे दहा-अकरा वर्षं लोक 'शुद्ध' म्हणून जे पाहत होते ते मूळ नव्हतंच. कॅसेट निदान पुसते सगळीकडे सारखं. कुठली रेघ ठेवायची आणि कुठली काढायची हे ती ठरवत बसत नाही.

दुसरं, गोष्ट पाठ आहे म्हणून हातकाम बघा, हा युक्तिवादच मुळात पटाची हार आहे. राजपुत्र येतो दोनदा, एकदा विहिरीपाशी आणि एकदा शेवटी. मधल्या वेळात भांडी घासणं, हात धुणं, नाचणं. चाळिशीतल्या माणसानं त्यात काय शोधायचं?

कापूसकोंड्या, आर्वी

सिंड्रेलाबद्दल मान्य. पण तुम्ही 'न धुतलेली जुनी कॅसेट' म्हणता ती हिमगौरीची मुळात अस्तित्वातच नाही. हा पट घरच्या कॅसेटवर अधिकृतपणे पहिल्यांदा आला १९९४ मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी, १९९३ मध्ये, तो आख्खा संगणकावर घेऊन स्वच्छ केला होता. पूर्ण लांबीचा पट असा डिजिटल पद्धतीनं सुधारण्याची ती पहिलीच खेप. म्हणजे कॅसेटही धुतलेल्या पटावरचीच, फक्त धुरकट काचेतून पाहिलेली. त्याआधीचं जे कुणाकडे असेल ते चोरटं.

आणि काय पुसणं योग्य, काय अयोग्य हे ओळखता येतं. त्या काळी प्रत्येक चित्र लाल, हिरव्या आणि निळ्या गाळणीतून तीनदा टिपत, काळ्या-पांढऱ्या फिल्मवर एकामागून एक. ८३ मिनिटं म्हणजे १,१९,५२० फ्रेम, तिप्पट केल्या तर साडेतीन लाखांवर. चित्रीकरणाच्या वेळीच सेलवर, म्हणजे आकृती रंगवलेल्या पारदर्शक तावावर, धूळ असेल तर ती तिन्ही टिपणांत येते, म्हणून पडद्यावर करडी दिसते. नंतर निगेटिव्हवर बसलेली घाण एकाच टिपणावर असते, म्हणून तिचा ठिपका रंगीत. रंगीत ठिपका काढला तर मूळ पटातलं काहीच जात नाही. करडा ठिपका मात्र १९३७ चाच आहे. तो ठेवावा की काढावा यावर वाद घाला, मी ऐकतो. यंत्र शेजारच्या फ्रेमशी ताडून ठिपका काढतं, त्यामुळे पावसाच्या धारा, ठिणग्या असं एका फ्रेमपुरतं येणारं बारीकसारीकही त्याला कचराच वाटू शकतं. प्रत निवडताना शेवटचा वादळाचा पाठलाग आधी लावून पाहा.

पेटीमास्तर, पुसद

प्रतीचा वाद डोळ्यांनी चाललाय, जरा कान लावा. पट सेकंदाला २४ फ्रेमचा. आपल्याकडची टीव्ही-कॅसेटची पाल पद्धत २५ ची. मग कॅसेट करताना पट सरळ थोडा जोरात पळवतात. ८३ मिनिटांचा पट ८० मिनिटांच्या आत संपतो, आणि आवाज सुमारे चार टक्के चढतो, अर्ध्या स्वराला थोडा कमी. पेटी घेऊन गाणं धरून पाहा. काळी एक लावली तरी खटकतं, पांढरी दोन लावली तरी खटकतं, सूर दोन पट्ट्यांच्या मधे कुठंतरी लोंबकळतो. हिमगौरीचा आवाज आधीच बारीक, कॅसेटवर तो आणखी चिरका होतो. 'ती गाताना फार किरकिरते' ही तक्रार अर्धीअधिक या चार टक्क्यांची आहे.

ध्वनी मूळचा मोनो. दोन बाजूंना स्पीकरचे दोन डबे आणि सराउंडचं बटण नको. एकच डबा, पडद्याला चिकटून. डीजेचा डबा असेल तर खर्ज अर्ध्यावर आणा, नाहीतर बुटक्यांच्या चालण्याला बैलबाजाराचा आवाज येतो.

खिरापत, वरूड

नक्कोबादादा, गोष्ट पातळ आहे म्हणता, पण ती पातळ केली कुठे ते तरी बघा. ग्रिम बंधूंच्या संग्रहात (१८१२) राणी तीनदा मारायला येते: आधी कंबरेची नाडी आवळून, मग विषारी फणीनं, शेवटी सफरचंदानं. पटात एकटं सफरचंद उरलं. ग्रिमच्या पहिल्या आवृत्तीत ती सावत्रही नव्हती, सख्खी आई होती. पुढे सावत्र केली. चुंबनानं जाग येणं ग्रिमकडे नाहीच. नंतरच्या आवृत्त्यांत पेटी वाहणारे ठेचकाळतात आणि घशात अडकलेला तुकडा बाहेर पडतो. राणीला शेवटी तापलेल्या लोखंडी जोड्यांत मरेस्तोवर नाचवतात. पटात ती कड्यावरून पडते आणि गिधाडं खाली उतरतात.

हे माहीत असलेल्या बाईमाणसांना पट पाहताना दर दहा मिनिटांनी बोलायला विषय मिळतो. मोठेपणी पाहणं म्हणजे हेही. कापूसकोंड्याभाऊंनी नुसत्या रेघा दाखवल्या तर अर्धी मंडळी दुधाच्या पातेल्याकडे जातील.

आणि 'पोरांसाठी नाही' म्हणता, पण कोजागिरीला पोरं पुढेच बसणार. जंगलात झाडांचे हात होतात तो प्रसंग पहिल्या दहा-बारा मिनिटांतच आहे. १९३८ मध्ये ब्रिटनच्या सेन्सॉरनं याला 'ए' प्रमाणपत्र दिलं होतं, म्हणजे सोबत मोठं माणूस हवं. पाचाच्या आतली पोरं मांडीवर घ्या, पुढच्या चटईवर नको.

नक्कोबा, दिग्रस

ताई, तुम्ही माझंच म्हणणं भक्कम केलंत. मोठ्यांनी मग ग्रिमच वाचावा. वाचनालयात मिळतो, वीजही लागत नाही.

कापूसकोंड्या, आर्वी

राजपुत्र दोनदाच दिसतो त्याचं कारण हाताशी आहे. खरीखुरी दिसणारी पुरुषाची आकृती हलवणं तेव्हा चित्रकारांना जड जात होतं, म्हणून त्याचे प्रसंग कमी ठेवले. हिमगौरीसाठी खऱ्या नर्तकीची हालचाल आधी चित्रित करून तिचा आधार घेतला. बुटके मात्र मोकळ्या हातानं आले. तिथे चित्रकार खेळलेत. तुम्हाला कंटाळवाणा वाटतो तो हात धुण्याचा प्रसंग घ्या: एकाच कामात सात जणांच्या सात तऱ्हा, आणि तोंड बंद ठेवून पाहिलं तरी कोण कोण ते कळतं. सूप पिण्याचा प्रसंग तर पेन्सिलमध्ये पुरा हलवून झाला होता, तरी लांबण लागते म्हणून काढून टाकला. इतकी कात्री लावणारे लोक भांडी घासण्याला वेळ देतात, म्हणजे काहीतरी हिशेब असणार ना?

झाडीचा राघू, वडसा

८३ मिनिटांत लोक कंटाळतील ही भीती आमच्याकडे कुणी बोलून दाखवली तर हसतील. झाडीपट्टीचं नाटक रात्री उशिरा सुरू होतं, पहाटेपर्यंत चालतं, आणि माणूस उठत नाही. अडचण वेळेची नाही, भाषेची आहे. मूळ इंग्रजी लावाल तर निम्मा गाव बाहेर, हिंदी डब लावाल तर पेटीमास्तर नाराज. माझं म्हणणं: आवाज बारीक करा आणि माइकवर एक सांगणारा बसवा, आपल्या बोलीत. दोन-तीन पानांचं टिपण पुरतं. प्रसंग बदलला की दोन वाक्यं, गाणं सुरू झालं की गप्प.

पेटीमास्तर, पुसद

गाण्यात गप्प राहणारा सांगणारा अजून जन्माला यायचाय. शिवाय राणी आणि म्हातारी या दोघींचा आवाज एकाच बाईचा, ल्युसिल ला व्हर्नचा. तळघरात राणी औषध पिते, गळा धरते आणि हसू बदलत जातं, ती एका गळ्याची करामत आहे. त्यावर माइक म्हणजे पाप. हवं तर सुरुवातीला पाच मिनिटांत गोष्ट सांगून टाका, मग पटाला बोलू द्या. मुका बुटका तर तसाही बोलत नाही.

झाडीचा राघू, वडसा

तळघर वगळतो. एवढं कबूल. पण पाच मिनिटांत सांगून मोकळं होणं मला मान्य नाही. म्हाताऱ्या माणसाला पन्नासाव्या मिनिटाला कोण कुणाचा काय लागतो ते पुन्हा सांगावंच लागतं.

नक्कोबा, दिग्रस

एक साधी गोष्ट सगळे विसरताय. कोजागिरी म्हणजे पुनव. उघड्यावर डोक्यावर चंद्र, आणि पटाचा अर्धा भाग रात्रीचा, जंगलाचा, तळघराचा. मोठा पडदा, रंगीत रेघा, सगळं पांढरं पडणार. त्यापेक्षा घरात मोबाइलवर, कानाला हेडफोन लावून, हवं तिथे थांबवून पाहा. रेघा तिथेच नीट दिसतील.

वायरमन, वणी

भाऊ, चंद्राले कायले दोष देऊन राहिले? पुनवेचा उजेड पाव लक्सच्या आसपास. लक्स म्हंजे जागेवर पडनाऱ्या उजेडाचं माप. आता पडद्याचा हिशोब करा. ८ फूट रुंद चित्र, या पटाची उंची होते ५ फूट १० इंच. ३००० ल्युमेनचा प्रोजेक्टर सिनेमा मोडात निम्माच उजेड देते. तरी पडद्यावर तीनशेक लक्स येते. चंद्र त्याच्यापुढं कुठं लागते? मारते तो खांबावरचा एलईडी. त्याच्या खाली दहा-वीस लक्स सहज पडते, आन् त्यातच काळा रंग राखुंडीवानी होते. खांबाकडं पाठ करून पडदा लावा, नाईतर तेवढा वेळ तो दिवा बंद करायची परवानगी घ्या.

शाळेतला जुना ४:३ चा प्रोजेक्टर असन तर तोच घ्या, नवा रुंदवाला नको. हा पट जवळपास त्याच मापाचा. रुंदवाल्यावर दोन्ही बाजूले काळे पट्टे येतात, म्हून पाव उजेड वाया जाते. मंग कोनी शहाना 'वाइड' दाबते आन् बुटके तीस टक्के जाडे करून ठेवते. 'मूळ' नाईतर 'ऑटो' ठेवा. टीव्हीवर पाहान तर हालचाल गुळगुळीत करनारी सोय पयले बंद करा. पटात कुठं हरेक फ्रेमले नवं चित्र, कुठं दोन फ्रेमले एकच. टीव्ही मधातली चित्रं मनानंच बनवते, आन् बोटं-नाक वितळल्यावानी दिसतात. शार्पनेस शून्य.

लाइनचं सांगतो. दिवा असलेला प्रोजेक्टर लाइन गेली की पंख्यासकट बंद पडते, आन् दिवा थंडा झाल्याबिगर पेटत नाई, पाच-दहा मिनिटं गेलीच समजा. म्हून सुरुवातीपासूनच इन्व्हर्टरवर. प्रोजेक्टर ३०० वॉट, डबा १०० वॉट, ८३ मिनिटांचे होतात साडेपाचशे वॉट-तास. १५० एएचची चांगली बॅटरी आरामात ओढते. इन्व्हर्टरच्या मांगं 'यूपीएस'चं बटन राह्यते, ते टाका, नाईतर बदलीच्या झटक्यानं प्रोजेक्टर पुन्हा चालू होत बसते. पन त्या मोडात १८० च्या खाली व्होल्टेज गेलं की तो बॅटरीवर जाते, आन् रातच्याले मोटारपंप सुरू असले की १७० सुदा पाह्याले भेटते. म्हून दिवसाच बॅटरी फुल्ल करून ठेवा.

आक्टोबरात पाखरं लय. तीस फूट दूर एक उघडा बल्ब लावा, तिकडं जातात. सोयाबीनचं मळनं सुरू असते, भुसा उडते, प्रोजेक्टरची जाळी त्याच दिवशी साफ करा.

खिरापत, वरूड

पडद्याचं काय? एकेरी चादरीतून उजेड आरपार जातो आणि वाऱ्यानं हिमगौरी हेलकावे खाते.

वायरमन, वणी

ताई, चादर नकोच. चुन्याची गुळगुळीत भिंत सगळ्यात बरी. फक्त चुन्यात नीळ टाकेल नको. आपल्याकडं पांढरंशुभ्र दिसावं म्हून नीळ टाकतात, आन् मंग तिचे गाल निळे पडते, जिती असतानीच मेल्यावानी दिसते. नुसत्या चुन्याचा एक हात मारून घ्या, दोन दिवस वाळू द्या. चादरच लावाची असन तर दुहेरी, मांगून काळं कापड, आन् खालच्या काठात बांबू शिवून घ्या.

कापूसकोंड्या, आर्वी

गालांचा मुद्दा बरोबर पकडलात. तिच्या गालांवरची लाली सपाट रंगाची नाही, सेलवर वेगळी हलकेच चढवलेली आहे. निळ्या भिंतीवर पहिली तीच जाते, आणि कॅसेटवरही पहिली तीच गेली होती. नक्कोबा, मोबाइलवर थांबवून पाहण्याला माझा विरोध नाही, पण लाली हलताना पाहायची असते. थांबवली की नुसता डाग.

नक्कोबा, दिग्रस

भिंत, चुना, बॅटरी, पाखरं. पस्तीस वर्षांच्या माणसाला लहानपण आठवायला एवढा खटाटोप लागत असेल तर मी माझ्या मतावर ठाम आहे. आणि एक विचारतो, ज्याचं उत्तर कुणीच दिलं नाही: ओटीटीची वर्गणी घरापुरती असते. चौकात दाखवायची परवानगी कुणी काढली?

कापूसकोंड्या, आर्वी

अजून कुणी नाही. विकत घेतलेल्या चकतीवरही घरगुती वापराचंच लिहिलेलं असतं, त्यामुळे तिनंही भागत नाही. जाहीर खेळाची परवानगी हक्कधारकाकडून लेखी घ्यावी लागते, तिकीट नसलं तरी. मंडळांनी अर्ज आत्ताच टाकावा. उत्तर वेळेत आलं नाही तर चौकातला खेळ रद्द, आणि ज्याच्या त्याच्या घरी ज्याचं त्याचं बटण.

झाडीचा राघू, वडसा

घरी पाहायचं ठरलं तर सांगणारा लागतच नाही. म्हातारी घरातच असते.