नोटीस न देता काम सोडलेल्या कर्मचाऱ्याचा पगार रोखून ठेवता येतो का?

मांडणीकार:
नमस्कार. पुस्तके आणि अहवाल यांची मांडणी करून देण्याचा माझा व्यवसाय असून माझ्याकडे चौदा जण कामाला आहेत. त्यांपैकी तीन वर्षे काम केलेल्या एका सहकाऱ्यांनी गेल्या महिन्यात १९ तारखेपर्यंत काम केले आणि २० तारखेला सकाळी ‘यापुढे येणार नाही’ एवढाच निरोप पाठवला. नियुक्तिपत्रात एक महिन्याच्या नोटिशीची अट आहे आणि त्याखाली त्यांची सही आहे. कार्यालयाचा लॅपटॉप अजून त्यांच्याकडेच असून त्याची बिजागरी त्यांच्या हातून तुटली, असे इतरांचे म्हणणे आहे. एका अहवालाचे काम अर्धवट राहिल्यामुळे ते बाहेरून जास्त पैसे देऊन पूर्ण करून घ्यावे लागले. या सगळ्यामुळे मी त्यांचा एकोणीस दिवसांचा पगार थांबवला आहे. रुजू होताना जमा करून घेतलेले त्यांचे पदवीचे मूळ प्रमाणपत्रही माझ्या कपाटात आहे. आता त्यांचा मेल आला आहे की पगार मिळाला नाही तर त्या कामगार खात्याकडे तक्रार करतील.

अट त्यांनी मोडली असताना पगार देण्याचे बंधन माझ्यावर आहे का? आणि असेल, तर माझे झालेले नुकसान मी कसे भरून काढायचे? वेगवेगळ्या देशांत माणसे सांभाळलेल्या सभासदांनी कृपया मार्गदर्शन करावे.

वेतनपत्रक:
मी बरीच वर्षे आस्थापना विभागात पगाराचे काम पाहिले आहे, त्या अनुभवावरून लिहितो. पहिली गोष्ट, ते प्रमाणपत्र आजच्या आज पोच घेऊन परत करा. त्याचा पगाराशी, नोटिशीशी किंवा लॅपटॉपशी काहीही संबंध नाही. ते अडवून धरलेत तर उद्या तुमची बाजू कितीही खरी असली तरी ऐकणाऱ्याचे मन आधीच कलुषित झालेले असेल.

आता पगाराबद्दल. त्या एकोणीस दिवसांचे काम झालेले आहे, म्हणजे तो पगार त्यांनी कमावलेला आहे. नोटिशीची अट मोडली म्हणून आधी झालेले काम पुसले जात नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९४९ च्या वेतन संरक्षणविषयक करारात, म्हणजे करार क्रमांक ९५ मध्ये, पगारातून कपात करायची झाल्यास ती देशाच्या कायद्याने, सामूहिक कराराने किंवा लवादाच्या निवाड्याने घालून दिलेल्या अटींनुसार आणि तेवढ्याच मर्यादेपर्यंत करावी, असे स्पष्ट म्हटले आहे. नोकरी संपताना देय असलेल्या सर्व वेतनाचा अंतिम हिशेब करावा, असेही त्यात आहे. ज्या देशांनी हा करार स्वीकारलेला नाही, तिथल्या कायद्यांतही हेच तत्त्व वेगळ्या शब्दांत सापडते.

मुदतीबद्दल बोलायचे तर भारतातील २०१९ च्या वेतन संहितेनुसार राजीनामा दिलेल्या किंवा काढून टाकलेल्या कर्मचाऱ्याचे वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यावे लागते. संयुक्त अरब अमिरातीत नोकरीचा करार संपल्यापासून १४ दिवसांत सर्व देणी चुकती करावी लागतात. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात तर तुमच्याच प्रसंगाचा वेगळा उल्लेख आहे: कर्मचारी पूर्वसूचना न देता सोडून गेला तरी ७२ तासांत त्याचा पगार दिला पाहिजे, आणि मालकाने जाणूनबुजून उशीर केला तर दर दिवसाला एक दिवसाचा पगार याप्रमाणे ३० दिवसांपर्यंत दंड चढत जातो. नोटीस न देणाऱ्या माणसाचाही विचार कायदा करणाऱ्यांनी आधीच करून ठेवला आहे, हे यावरून लक्षात यावे.

लॅपटॉपच्या बाबतीत आणखी जपून चालावे लागेल. वर सांगितलेल्या करार क्रमांक ९५ सोबतच्या शिफारस क्रमांक ८५ मध्ये वस्तूच्या नुकसानीबद्दल कपात करण्यापूर्वी तीन गोष्टी पाहायला सांगितल्या आहेत. नुकसानीची जबाबदारी त्याच व्यक्तीची आहे हे स्पष्ट सिद्ध झाले पाहिजे, रक्कम वाजवी असून प्रत्यक्ष नुकसानापेक्षा जास्त नसली पाहिजे, आणि कपात का करू नये हे सांगण्याची पुरेशी संधी त्या व्यक्तीला दिली पाहिजे. ‘इतरांचे म्हणणे आहे’ एवढ्यावर यातली पहिलीच पायरी चढता येत नाही.

चौथा_मजला:
वरील प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे, कारण हीच चूक मी स्वतः केली होती. माझा ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय होता. एक तंत्रज्ञ अचानक सोडून गेले आणि दोन मायक्रोफोन सापडेनात, म्हणून मी त्यांचा पगार अडवला. प्रकरण कामगार अधिकाऱ्यांपुढे गेले तेव्हा त्यांनी माझ्याकडे हजेरीपत्रक, पगाराची चिठ्ठी आणि मायक्रोफोन त्यांच्या ताब्यात दिल्याचा कागद, एवढेच मागितले. हजेरीपत्रक होते, चिठ्ठ्याही होत्या. तिसरा कागद म्हणून मी वस्तूंची वही पुढे केली, तर त्यात त्यांच्या सहीसमोर ‘सामान, एक संच’ असे लिहिलेले होते. किती मायक्रोफोन, कोणत्या क्रमांकाचे, कोणत्या स्थितीत, यातले काहीच नव्हते. अधिकाऱ्यांनी ते पान माझ्याकडे वळवले आणि यातून मी काय सिद्ध करणार आहे, असे विचारले. माझ्याकडे उत्तर नव्हते. मला पूर्ण पगार द्यावा लागला आणि त्यात गैर काही नव्हते, असे आज मला मनापासून वाटते.

तेव्हापासून प्रत्येक वस्तूचा अनुक्रमांक, देताना काढलेले छायाचित्र आणि घेणाऱ्याची तारखेसह सही याशिवाय मी साधी केबलसुद्धा कोणाच्या हाती देत नाही.

दुसरी_पाळी:
मी मालक नाही, नोकरदार आहे, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहिते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सक्तीच्या श्रमाची लक्षणे ओळखण्यासाठी ११ निर्देशक ठरवले आहेत. ओळखपत्रे अडकवून ठेवणे हा त्यांतला एक, आणि पगार रोखून ठेवणे हा दुसरा. मांडणीकार यांच्याकडे सक्तीचे श्रम चालतात असे मला अजिबात म्हणायचे नाही, आणि पदवीचे प्रमाणपत्र म्हणजे ओळखपत्र नव्हे हेही मला मान्य आहे. परंतु ज्याची कागदपत्रे आणि महिन्याची कमाई दोन्ही मालकाच्या कपाटात आहेत, त्याला नोकरी सोडण्याचे स्वातंत्र्य कागदावरच उरते, आणि हा अनुभव लहान कार्यालयातही तितकाच जाचक असतो. माझे दहावी-बारावीचे मूळ कागद एका मालकांनी चार महिने दिले नव्हते. त्या चार महिन्यांत मला दोन ठिकाणच्या मुलाखतींना जाता आले नाही.

मात्र नोटीस न देता निघून जाणे योग्य होते, असे मी म्हणणार नाही. मागे राहिलेल्या सहकाऱ्यांच्या अंगावर ते काम पडते, हे मी पाहिलेले आहे.

मांडणीकार:
सर्वांचे मनापासून आभार. प्रमाणपत्र आज सकाळी पोच घेऊन परत दिले. पगाराचा हिशेबही करून देत आहे. परंतु नोटिशीच्या महिन्याचे काय? त्या अटीला काही अर्थच नाही का? की पगार देताना त्यांच्याकडून ‘माझी या कपातीला संमती आहे’ असे लिहून घेतले तर चालेल?

वेतनपत्रक:
अटीला अर्थ आहे, पण ती अंमलात आणण्याचा मार्ग पगार अडवणे हा नाही. नोटिशीऐवजी किती रक्कम देय राहील हे नियुक्तिपत्रात आधीच स्पष्ट लिहिलेले असेल आणि तुमच्या देशाचा कायदा ती रक्कम अंतिम हिशेबातून वळती करू देत असेल, तरच ती वळती करा. तसे नसेल तर पगार पूर्ण द्या आणि नुकसानीचा दावा स्वतंत्रपणे करा. त्या दाव्यात तुम्हाला प्रत्यक्ष नुकसान दाखवावे लागेल, म्हणजे बाहेरून करून घेतलेल्या कामाचे बिल आणि तेच काम कार्यालयात झाले असते तर आला असता तो खर्च, यांतला फरक. हा फरक काढून पाहिल्यावर दावा करणे परवडणार नाही, असे पुष्कळदा ध्यानात येते.

आता संमती लिहून घेण्याबद्दल. तसे करू नका. ब्रिटनच्या १९९६ च्या रोजगार हक्क कायद्यात यावर नेमकी तरतूद आहे: कपातीला कर्मचाऱ्याची लेखी संमती ज्या प्रसंगामुळे कपात होते त्याच्या आधीची असावी लागते, आणि घडून गेलेल्या गोष्टीसाठी मागाहून घेतलेली संमती कपातीला आधार ठरत नाही. यामागचा विचार मला सर्वत्र लागू पडणारा वाटतो, कारण ज्याचा पगार तुमच्या हातात अडकला आहे त्याची त्या क्षणीची सही मोकळ्या मनाची नसते.

लॅपटॉपसाठी एक साधे पत्र पाठवा. त्यात त्याचा अनुक्रमांक, दिल्याची तारीख, परत देण्याचा दिवस आणि ठिकाण एवढेच असू द्या. पगाराचा उल्लेख नको. परत घेताना दोघांच्या समक्ष बिजागरीचे छायाचित्र काढा. त्यांच्याकडून ती तुटली असे तुम्हाला खरोखर वाटत असेल तर लेखी खुलासा मागवा आणि आलेला खुलासा वाचल्यावरच पुढचे ठरवा. तीन वर्षे रोज उघडझाप झालेली बिजागरी झिजूनही तुटते, हे मात्र लक्षात असू द्या.

मांडणीकार:
त्याच लॅपटॉपवर त्यांच्याआधी दोघांनी काम केले होते, हे तुमचे शेवटचे वाक्य वाचून आठवले. बिजागरीचा विषय मी सोडून देत आहे. शेवटचा प्रश्न: त्यांनी अनुभवपत्र मागितले आहे. त्यात ‘पूर्वसूचना न देता सेवा सोडली’ असे लिहावे का?

वेतनपत्रक:
लिहू नये. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या नोकरी समाप्तीविषयीच्या १९८२ च्या शिफारस क्रमांक १६६ मध्ये असे प्रमाणपत्र कर्मचाऱ्याने मागितल्यास मिळावे आणि त्यात रुजू झाल्याची तारीख, सेवा संपल्याची तारीख व कामाचे स्वरूप एवढेच असावे, असे म्हटले आहे. वर्तणूक आणि कामाचा दर्जा यांबद्दलचा अभिप्राय कर्मचाऱ्याने स्वतः मागितला तर वेगळा देता येतो. तुमच्या पत्रात शेवटच्या दिवसाची तारीख १९ लिहा, २० नव्हे. निरोप विसाव्या तारखेला आला असला तरी त्यांनी काम एकोणीस तारखेपर्यंतच केले होते, आणि पगाराच्या चिठ्ठीतला आकडा व पत्रातली तारीख एकमेकांशी जुळली पाहिजे.