मदत हवी आहे: शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळ-उलट्या आधीच टाळण्यासाठी भूलतज्ज्ञांना काय विचारावे?

माझ्या आईच्या पित्ताशयाची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया ठरली आहे. पूर्वी गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेनंतर तिला इतक्या उलट्या झाल्या होत्या, की टाक्यांवर ताण येऊन ती प्रत्येक उबळीसरशी कळवळत असे. आता तिला शस्त्रक्रियेपेक्षा त्या उलट्यांचीच धास्ती वाटते, आणि ती मला अगदी रास्त वाटते.

या त्रासाचा अंदाज आधी बांधण्यासाठी १९९९ मध्ये मांडलेला ॲपफेल गुणांक वापरतात, असे वाचनात आले. स्त्री असणे, धूम्रपान न करणे, पूर्वी असा त्रास झालेला असणे किंवा गाडी लागणे, आणि शस्त्रक्रियेनंतर मॉर्फिनच्या वर्गातील वेदनाशामके द्यावी लागणे, या त्यातील चार बाबी. एकही लागू नसेल तर शक्यता सुमारे १० टक्के, तीन असतील तर ६०, चारही असतील तर ८० टक्के. आईला पहिल्या तीन लागू आहेतच. चौथी मात्र डॉक्टरांच्या हातात आहे. म्हणून पॅरासिटामॉल आणि छेदांच्या जागी बधिरतेचे इंजेक्शन यांवर भर देऊन मॉर्फिनसारखी औषधे कितपत कमी करता येतात, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

माझी मुख्य अडचण वेगळी आहे. जास्त धोका असलेल्या रुग्णांना एकाच औषधावर न ठेवता वेगवेगळ्या प्रकारे काम करणारी औषधे एकत्र देतात. त्यात भूल देताना डेक्सामेथासोन आणि शस्त्रक्रिया संपत आल्यावर ऑन्डानसेट्रॉन ही जोडी नेहमीची आहे. परंतु आईला मधुमेह आहे आणि डेक्सामेथासोनने साखर वाढते. अशा वेळी ते एकाच मात्रेत देऊन साखरेवर लक्ष ठेवतात, की त्याऐवजी दुसरे औषध निवडतात? भूल वायूऐवजी पूर्णपणे शिरेतून प्रोपोफॉलने दिल्यास हा त्रास कमी होतो, तेव्हा तशी विनंती रुग्णाच्या नातेवाइकांनी करणे योग्य ठरेल का?

आणखी एक शंका घरी परतल्यानंतरची आहे. प्रतिबंधासाठी दिलेले औषध सहा तासांच्या आत पुन्हा देण्याचा फारसा उपयोग होत नाही, दुसऱ्या गटातील औषध द्यावे लागते, असे समजले. मग सुट्टी मिळताना कोणते औषध लिहून मागावे, आणि किती उलट्या झाल्या किंवा किती वेळ पाणीही पोटात टिकले नाही, तर तातडीने रुग्णालयात न्यावे?