१२ हजारात आधी माईक घेऊ का गिंबल? (२०० डी मार्क टू, समुद्रावरचं शूट)

निवतीचा_खलाशी:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे कॅनन २०० डी मार्क टू आहे, सोबत १८-५५ किट लेन्स आणि ५० एमएम १.८, दोन वर्षं फोटोच काढत होतो, आता व्हिडिओत उतरायचं ठरवलंय. विषय घरचाच, रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरीने ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं. आमच्या आबांनी चाळीस वर्षं रापण ओढली, आता गुडघे गेलेत पण बोलायला बसले की थांबत नाहीत, ते सगळं रेकॉर्ड करून ठेवायचंय. शिवाय देवळातला दहीकाला (जत्रेतलं दशावतारी नाटक) पण शूट करायचाय, पूर्ण रात्रीचा.

गेल्या रविवारी दुपारी आबांना वाळूत बसवलं, मागे होडी, लय भारी फ्रेम. घरी येऊन बघतो तर कॅमेऱ्याच्या स्वतःच्या माईकवर नुसतं फर्र फर्र फर्र, आबा ओठ हलवतायत आणि आवाज वाऱ्याचा. मधे एकदा फक्त "बांगडो" एवढा शब्द कळतो. आणि रापण ओढतात त्यांच्या बाजूने चालत चालत घेतलेला शॉट तर असा हलतोय की बहिणीने अर्ध्यात बंद केला, म्हणे उलटी होईल.

बजेट १२ हजार, ओढूनताणून १३. माईक घेऊ, गिंबल (कॅमेरा हलू न देणारा मोटारवाला दांडा) घेऊ, का दोन्ही स्वस्तातले घेऊ? कृपया "बजेट वाढव" सोडून काहीही सांगा.

जांभा_दगड:
माईक. विषय संपला. हललेला व्हिडिओ लोक बघतात, न ऐकू येणारा कोण बघत नाही.

रत्नांग्रीचा_कॅमेरावाला:
वरच्याशी सहमत पण जरा फोड करून सांगतो, मी लग्नाचं शूटिंग करतो, ११ वर्षं झाली, त्यातली पहिली दोन आवाजाच्या शिव्या खाण्यात गेली.

खलाशी भाऊ, तुझा गोंधळ माईक स्वस्त-महाग हा नाहीये, माईक लांब होता हा आहे. आबा सहा-सात फुटांवर, वारा माईकला चिकटून, मग वाराच जिंकणार. महागातला शॉटगन (समोरचाच आवाज पकडणारा लांबडा माईक) आणून कॅमेऱ्याच्या डोक्यावर लावलास तरी सहा फूट ते सहा फूटच. त्यामुळे मुलाखतीला कॉलर माईक. बोया बाय-एम१ घे, हजाराच्या आतबाहेर मिळतो, वायर सहा मीटर आहे म्हणजे कॅमेऱ्यापर्यंत आरामात पोचते. तुझ्या बॉडीला ३.५ एमएमचं माईक जॅक आहे हे नशीब समज, १५०० डी वाल्यांना तेही नाही.

आता लावायचा कसा. शर्टाच्या दुसऱ्या-तिसऱ्या बटणाजवळ, तोंडापासून वीतभर खाली. वायर तशीच लोंबकळत सोडू नको, शर्टाच्या आतून एक छोटा वेटोळा घाल आणि मेडिकलमधून कागदी चिकटपट्टी मिळते जखमेवर लावायची ती लाव, नाहीतर आबा हात हलवणार (रापणीची गोष्ट हात न हलवता सांगणारा माणूस मी बघितला नाही) आणि कापडाची खरखर येणार. सोबत जो काळा स्पंज येतो तो पंख्याच्या वाऱ्याला ठीक, समुद्राच्या वाऱ्यापुढे त्याचं काही चालत नाही. त्यावर केसाळ टोपी पाहिजे. विकत मिळते, पण मी पोरीच्या फाटक्या टेडीची कातडी कापून शिवली, केस लांब असलेला टेडी बघ, चार वर्षं तीच चाललीय.

सेटिंगमधे साउंड रेकॉर्डिंग ऑटोवर ठेवू नको. ऑटोत माणूस श्वास घ्यायला थांबला की कॅमेरा आपणहून आवाज वाढवतो आणि मागची गाज एकदम पुढे येते, बोलायला लागला की परत दबते, ऐकताना समुद्र उड्या मारतोय असं वाटतं. मॅन्युअल कर, आबांना जोरात बोलायला लाव आणि आवाजाचा काटा -१२ डेसिबलच्या आसपास राहील असं बघ. हेडफोनचं भोक या बॉडीला नाही, म्हणून पहिला एक मिनिटाचा टेक घेऊन कार्ड लॅपटॉपला लावून ऐक. मगच पुढे. आळस केलास तर परत "बांगडो" एवढंच हाती लागेल.

आणि दुपारी कशाला गेलास रे? दुपारी खारा वारा (समुद्राकडून येणारा) भरात असतो, हे मी तुला सांगायचं म्हणजे कमाल आहे, खलाशी नाव लावतोस. सकाळी साडेसात-आठला बस. मतलई वारा (जमिनीकडून येणारा) असला तरी हलका असतो, पूर्वेचा उजेड आबांच्या तोंडावर, समुद्र पाठीमागे.

मालवणी_खाजा:
मेल्या, गिंबल घेव नको. माका इचार, मी घेतलंय आणि कपाटात ठेवलंय. 😂

बरं सगळ्यांना कळेल असं लिहितो. हार्डवेअरच्या दुकानात जा, पाव इंची बोल्ट माग, कॅमेऱ्याखाली ट्रायपॉडचं जे भोक असतं तिथे तो बसतो. बोल्टला चांगली पीळदार सुतळी बांध, खालच्या टोकाला एक वॉशर. वॉशर पायाखाली दाब आणि कॅमेरा वर ओढून धर, सुतळी ताणली की हात थरथरायचा थांबतो. खर्च वीस-तीस रुपये. फक्त बोल्ट दोन-तीन आटे बसेल एवढाच फिरव, लांब बोल्ट दाबून घुसवलास तर कॅमेऱ्याचा तळ फुटेल, मग माझ्या नावाने बोंबलू नको. चालत्या शॉटला याचा उपयोग नाही, उभ्याला फर्स्टक्लास. दुसरा उपाय म्हणजे गळ्यातला पट्टा, कॅमेरा पुढे ढकलून पट्टा ताणून धरायचा, कोपरं बरगडीला चिकटवायची.

अलिबागचा_वारा:
गिंबलला एवढं नावं ठेवू नका हो. मी रोज वापरतो. चालत जाणाऱ्या माणसाबरोबर शॉट घ्यायचा असेल तर सुतळी आणि पट्टा काय करणार? किट लेन्सचं आयएस (लेन्समधली थरथर कमी करणारी सोय) उभ्या उभ्या थरथर खातं, पावलांचा हिसका खात नाही. ५० ला तर आयएसच नाही. त्याला रापण ओढणाऱ्यांबरोबर चालायचंय, तिथे गिंबलच पाहिजे. डीजेआय आरएस ३ मिनी दोन किलोपर्यंत वजन घेतं, याची बॉडी-लेन्स मिळून किलोभरही नाही.

रत्नांग्रीचा_कॅमेरावाला:
अलिबागकर, मुद्दा बरोबर पण ते २५-३० हजाराच्या घरात जातं, त्याने आधीच हात जोडलेत. आणि या बजेटमधली जी बिननावाची गिंबलं मिळतात ती मोबाईलसाठीची असतात, त्यांची मोटार डीएसएलआर उचलत नाही, कुईं कुईं आवाज करून मान टाकते. मी एक ऑनलाइन घेतलं होतं, वजन लिहिलं होतं एक आणि उचलत होतं भलतंच, परत घ्यायला पंधरा दिवस भांडलो.

शिवाय किनाऱ्यावर गिंबलची झंझट वेगळी. वाळूत खाली ठेवता येत नाही, लेन्स बदलली की परत बॅलन्स, जोरात वारा आला की मोटार त्याच्याशी झोंबत बसते. रापण काही तुझ्यासाठी थांबत नाही.

मी सांगतो, पायवाला मोनोपॉड घे, खाली तीन छोटे पाय असतात तो, वर साधं फ्लुइड हेड (कॅमेरा सावकाश, न अडखळता फिरवणारं डोकं). तीन-चार हजारात बसेल. रापणीच्या दोरीला दोन्ही टोकांना माणसं असतात, ती मागे मागे सरकतात, तू एका जागी उभा रहा आणि त्यांना फ्रेममधून जाऊ दे. तू चाललंच पाहिजे असं कोणी सांगितलं? मोनोपॉड उचलून चार फूट पुढे टेकला की दुसरा शॉट. आणि हो, होडीत बसून घेणार असशील तर मोनोपॉड फळीवर टेकवू नको, इंजिनाची थरथर सरळ वर येते. पोटाला किंवा कमरेच्या पट्ट्याला टेकव, गुडघे सैल सोड, म्हणजे तुझं अंगच स्प्रिंगचं काम करतं.

पॅन करताना (कॅमेरा आडवा फिरवताना) हेड अडखळत असेल तर दांड्याला रबरबँड अडकवून रबरबँडने ओढ, हाताने नको. बघ काय लोण्यासारखा फिरतो.

जांभा_दगड:
रबरबँडचं आज कळलं. इतकी वर्षं वाया 😑

कुडाळची_अनघा:
दहीकाल्याबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. मी तीन जत्रांत दशावतार शूट केलाय, एकदा पूर्ण फसले, एकदा अर्धी, एकदा जमलं.

पहिली गोष्ट, तुमचा कॅमेरा एका दमात २९ मिनिटं ५९ सेकंदच रेकॉर्ड करतो, मग आपोआप थांबतो. पहिल्या वेळी मला हे माहीतच नव्हतं, आडदशावतारात (नाटकाआधीच्या सुरुवातीच्या भागात) संकासुर आला, लोक हसतायत, मी पण हसतेय आणि कॅमेरा कधीच बंद पडलेला. मोबाईलला २८ मिनिटांचा गजर लावून ठेवा, पात्र आत जाईल तेव्हा पटकन थांबवून परत चालू करा. बॅटरी एलपी-ई१७ छोटी असते, रात्र काढायला एकीने भागत नाही. प्लगवर चालणारी खोटी बॅटरी मिळते ती घ्या, मंडपात बोर्ड कुठे आहे ते संध्याकाळीच बघून ठेवा, ट्यूबवाल्याशी गोडीत रहा.

दुसरी गोष्ट, आवाज कॅमेऱ्यात घेऊच नका. पेटी, पखवाज, झांज एका बाजूला बसतात आणि संवाद समोर, त्यात स्पीकर कुठल्या तरी तिसऱ्याच दिशेला. दशावतारी मंडळी संवाद उत्स्फूर्त बोलतात, लिहिलेलं काही नसतं, एक वाक्य हुकलं की ते गेलंच. म्हणून वेगळा रेकॉर्डर. झूमचा एच१एन आहे माझ्याकडे, दोन ट्रिपल-ए सेलवर चालतो, सेकंडहँड मिळाला तर बघा. स्पीकरच्या तोंडासमोर ठेवू नका, रंगमंचापासून पाच-सहा फुटांवर, मधोमध, छोट्या स्टँडवर. आवाजाची लेव्हल युद्धाच्या प्रसंगाला लावा, शांत संवादाला नको. मी दुसऱ्या वेळी गणपतीच्या नमनाला लेव्हल लावली आणि पहाटेच्या युद्धात सगळा आवाज फाटला. रेकॉर्डरचं सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल.

आता हा वेगळा आवाज चित्राशी जुळवायचा कसा, नाटक चालू असताना टाळी वाजवली तर लोक मारतील. झांज बघा. झांजेचा ठोका फ्रेममधे दिसतो आणि आवाजात पण सुईसारखा उभा दिसतो. दर अर्ध्या तासाला नवीन क्लिप सुरू झाली की एकदा झांजवाल्याकडे कॅमेरा नेऊन आणते, तेवढ्यात काम होतं. लांबलचक रेकॉर्डिंगमधे आवाज-चित्र हळूहळू सरकतं तो त्रासही मग राहत नाही, कारण दर क्लिप नव्याने जुळवली जाते.

साउंडवाल्याच्या मिक्सरमधून थेट वायर कॅमेऱ्याच्या माईक जॅकला लावायच्या भानगडीत पडू नका, तो आवाज लाइनचा असतो, माईकच्या भोकाला फार जोराचा होतो. रेकॉर्डरला लाइन-इन आहे, तिथे चालतं.

निवतीचा_खलाशी:
अनघाताई, हे सोनं आहे. झांजेची आयडिया तर भन्नाट. पण रेकॉर्डर यात बसेल का? एम१ एक हजार, मोनोपॉड चार हजार...

कुडाळची_अनघा:
नसेल बसत तर यावर्षी मोबाईलच रेकॉर्डर. हेडफोनचं भोक असलेल्या मोबाईललाही एम१ जोडता येतो, फ्लाइट मोडवर टाकून रेकॉर्डिंग अॅप चालू करून ठेवा. आबांना तर मोबाईल खिशातच द्या, वायरचा लोढणाच नको, कॅमेरा कितीही लांब न्या. तिथे मात्र टाळी वाजवा, आबा हसतील फक्त.

अलिबागचा_वारा:
एक राहिलं. दिवसा २५ एफपीएसला (सेकंदाला २५ फ्रेम) शटर १/५० ठेवायचा म्हणजे वाळूत सगळं पांढरं फटक होणार, एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची उजेड कमी करणारी काळी काच) घे. १८-५५ ला ५८ एमएमचा बसतो, ५० ला ४९ चा, म्हणून ५८ चा घेऊन ५० ला स्टेप-अप रिंग (छोट्या लेन्सवर मोठा फिल्टर बसवायची कडी) लाव. आणि ४के च्या नादाला लागू नको, या बॉडीत ४के केलं की फ्रेम कापली जाते आणि फोकस पण डुलतो. १०८० बेस्ट. (गिंबलवरचं माझं मत बदललेलं नाही.)

निवतीचा_खलाशी:
अपडेट देतो. बोया एम१, पायवाला मोनोपॉड, एनडी आणि एक जादा बॅटरी, सगळं मिळून साडेआठ हजाराच्या आसपास. उरलेले रेकॉर्डरसाठी बाजूला, जत्रेला अजून वेळ आहे.

पहिल्या सकाळी सगळं मनासारखं लावलं, टेडी बहिणीचा कापला (ती अजून बोलत नाही), आबांना बसवलं, वीस मिनिटं बोलले. घरी ऐकतो तर काहीच नाही, शून्य. डोकं धरून बसलो. मग दिसलं, एम१ च्या डबीवर छोटं बटण आहे, मोबाईलला एका बाजूला आणि कॅमेऱ्याला दुसऱ्या. आदल्या रात्री कॅमेऱ्याच्या बाजूलाच राहिलेलं, रात्रभरात आतला एलआर४४ सेल संपला. नवीन घेणाऱ्यांनो, काम झालं की ते बटण परत ढकला आणि एक सेल खिशात ठेवा.

रत्नांग्रीचा_कॅमेरावाला:
एक मिनिटाचा टेस्ट टेक सांगितला होता...

निवतीचा_खलाशी:
होय दादा, आळस केला. 🙏

काल परत बसलो. पावणेआठला, आबांची पाठ समुद्राकडे, मोबाईल खिशात, टाळी वाजवली तर आबा म्हणाले "कित्याक रे, भजन सुरू करतंस?" तो टेक तसाच ठेवणार आहे. आवाज एवढा स्वच्छ आलाय की मधे त्यांनी विडी पेटवली ती काडी पण ऐकू येते. मागे गाज हलकीशी आहे, ती पाहिजेच होती.

मालवणी_खाजा:
बरां झाला. आता तां बांगड्याचा काय सांगित होते ता तरी आमका कळव.

निवतीचा_खलाशी:
परत विचारलं. म्हणे, त्या वर्षी बांगडो एवढो गावलो की जाळा ओढूक माणसां कमी पडली, शाळा सोडून पोरांना दोरीला लावली, त्यात हे सातवीत होते. त्यानंतर शाळेत गेलेच नाहीत. एवढं सगळं त्या फर्र फर्रच्या खाली होतं.