मदत हवी आहे: पर्यावरण शिक्षणात एम.ए. की एम.एस्सी.?

नमस्कार. मी रत्नागिरी जिल्ह्यात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. शिक्षण बी.एस्सी. (वनस्पतिशास्त्र), बी.एड.; नोकरीला सात वर्षं झाली.

दरवर्षी आठवीची मुलं खाडीवर नेते. चिखलातून वर आलेली तिवराची (खारफुटीच्या झाडाची) श्वसनमुळं हातात धरून एकाने विचारलं, "बाई, मग ह्याचं नाक कुठंय?" असं शिकवणं नीट कसं उभं करायचं, तेच मला शिकायचंय.

एम.एस्सी. पर्यावरणशास्त्राचे अभ्यासक्रम पाहिले. पाण्याचा बीओडी (सेंद्रिय घाण कुजताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन), हवेचं प्रदूषण, प्रकल्पांच्या पर्यावरणावरील आघाताचं मूल्यांकन असं सगळं आहे, पण मुलांना शिकवायचं कसं ते जवळजवळ नाहीच. एम.ए. शिक्षणशास्त्रात पर्यावरण शिक्षण एखाद्या ऐच्छिक पेपरपुरतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच हा विषय शाळा-महाविद्यालयांत सक्तीचा करायला सांगितलं होतं, तरी शिकवणाऱ्यांची ही अवस्था, याचं वाईट वाटतं. यातलं काय करावं हे विचारायला दोन महाविद्यालयांत फोन केले, उत्तरं एकमेकांच्या उलट मिळाली.

दोन वर्षं बिनपगारी रजा जमणार नाही. दूरस्थ किंवा सुट्टीतल्या संपर्कवर्गांचा अभ्यासक्रमच हवा. माध्यम मराठी किंवा इंग्रजी, दोन्ही चालेल.

एम.ए. शिक्षणशास्त्र करून प्रबंध पर्यावरण शिक्षणावर लिहिला, तर पुढे याच विषयात पीएच.डी.ला अडचण येते का? नोकरी सांभाळून हे कुणी केलंय का, आणि मार्गदर्शक कसे मिळाले?