मदत हवी आहे: अ‍ॅस्पर्जर, वय ४३, आणि पोटमाळ्यावरचं टेबल

नमस्कार मंडळी,

वाचतो बरीच वर्षं, लिहितोय पहिल्यांदा. लांबण लागेल. मला थोडक्यात सांगता येत नाही, आणि आता त्याचं कारणही कळलंय.

मी सांगलीचा. मार्केट यार्डात एका अडत दुकानात १९ वर्षं दिवाणजी आहे. हळद आणि बेदाणा. कीर्द-खतावणी, शेतकऱ्यांच्या पट्ट्या (विकलेल्या मालाच्या हिशोबाचे कागद), हमाली, तोलाई, बारदान, सगळा हिशोब माझ्याकडे. गेल्या दिवाळीनंतर मिरजेतल्या एका मानसोपचारतज्ज्ञांकडे तीन बैठका झाल्या आणि निदान झालं: ऑटिझम स्पेक्ट्रम. तिथल्या मानसशास्त्रज्ञ मॅडम म्हणाल्या, "पूर्वी तुमच्यासारख्यांना अ‍ॅस्पर्जर म्हणायचे."

सुरुवात भाच्यापासून झाली. तो ५ वर्षांचा. त्याच्या तपासणीचा फॉर्म बहीण आमच्या घरी बसून भरत होती, प्रश्न मोठ्यानं वाचत. एकाच वस्तूत तासन्‌तास रमतो का, ठरावीकच खातो का, कपडा टोचतो म्हणून रडतो का. आई आत कणीक मळत होती. तिथूनच म्हणाली, "ह्याच्यात कसला आलाय आजार? आमचा थोरला अस्साच होता की. दोन वर्षं दहीभाताशिवाय घास नाही." सगळे हसले. मी तो फॉर्म रात्री पुन्हा मागून घेतला.

पुढे तिसऱ्या बैठकीला आईलाच बोलावलं होतं, माझं लहानपण विचारायला. तिनं सांगितलं, मी सहा वर्षांचा असताना मामा निघताना "येतो रे" म्हणाले आणि मी दिवेलागणीपर्यंत दारात बसून राहिलो. आपल्यात "जातो" म्हणत नाहीत हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. आजही फार फरक नाही. कुणी "या एकदा घरी" म्हटलं की मी वार विचारतो. शेठ "बघू" म्हणाले की वाट बघत बसतो. "बघू" म्हणजे "नाही", हे बायकोनं लग्नानंतर शिकवलं. अशा शब्दांची मी वही ठेवलीय, ६२ नोंदी झाल्यात.

शीर्षकात अ‍ॅस्पर्जर लिहिलंय ते शोधणाऱ्याला सापडावं म्हणून. हान्स अ‍ॅस्पर्जर या व्हिएन्नाच्या डॉक्टरनं १९४४ साली अशा मुलांवर लिहिलं. १९८१ मध्ये लॉर्ना विंग या ब्रिटिश डॉक्टरबाईंनी त्याच्या नावानं हा शब्द पुढे आणला, आणि २०१३ मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या नव्या नियमावलीतून ते वेगळं निदान म्हणून गेलं, सगळं स्पेक्ट्रममध्ये आलं. त्यात २०१८ मध्ये कागदपत्रांवरून पुढे आलं की याच डॉक्टरनं काही मुलांना श्पीगलग्रुंडला पाठवलं होतं, म्हणजे नाझी काळात जिथं अपंग मुलं मारली जात तिथं. ही माहिती वाचल्यावर ते नाव स्वतःला लावायला जीभ रेटत नाही. (बायको म्हणतेय, इतिहासाची काही गरज नव्हती. पण राहवत नाही.)

दुसरा नाद कृष्णेच्या पाण्याचा. २००५ च्या पुरापासून आयर्विन पुलाजवळची पातळी वहीत लिहितो. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमच्या गल्लीत मी सांगितलेल्या वेळा चुकल्या नाहीत. पण शेजारच्या काकू गच्चीत रडत होत्या आणि मी त्यांना म्हणालो, "काकू, अजून दोन फूट येणार." मला वाटलं, माहिती दिली. काकू आजही माझ्याशी बोलत नाहीत. त्यांचा मुलगा मात्र दर ऑगस्टला न चुकता फोन करतो.

आता मूळ अडचण.

माझं टेबल पहिल्यापासून पोटमाळ्यावर होतं. लाकडी जिना, एक खिडकी, एक पंखा. खाली सौदे चालू असले तरी वर येईपर्यंत आवाजाची धार जायची. थोरल्या शेठनी मला तिथं बसवलं ते माझ्या सोयीसाठी की मी गिऱ्हाइकासमोर नको म्हणून, माहीत नाही. दोघांचंही जमून गेलं. यंदा धाकटे शेठ बघायला लागले. दुकान नवं केलं, कॉम्प्युटर आणला (तो मला आवडतो) आणि माझं टेबल खाली दारात मांडलं. "दिवाणजी, लोकांना तुम्ही दिसला पाहिजे." हेतू चांगलाच असणार.

खाली दोन फोन. इलेक्ट्रॉनिक काट्याची पीं पीं. एक ट्यूब फडफडते, ती बहुतेक मला एकट्यालाच दिसते. हमालांची आरडाओरड, आणि तीन शेतकरी एकदम विचारतात, "आमची पट्टी झाली का?" तुम्हाला यातला एक आवाज ऐकू येतो आणि बाकीचे मागे पडतात, असं मॅडम म्हणाल्या. माझे मागे पडत नाहीत. सगळे सारखेच येतात.

हंगामाच्या ऐन गर्दीत एका पट्टीत हमालीचे १४ रुपये जास्त लागलेले दिसले. मी ते तिथंच, शेतकऱ्यासमोर, मोठ्यानं सांगितलं. शेठ म्हणाले, "दिवाणजी, नंतर." मी म्हणालो, "नंतर का? चूक आत्ता आहे." पुढचं बोलणं नीट आठवत नाही. आठवतं ते असं की मी मागच्या गोदामात दोन थप्प्यांच्या मध्ये बसलोय आणि समोरच्या पोत्याच्या तोंडाला घातलेले सुतळीचे टाके मोजतोय. २१ होते. शेजारच्या पोत्याला १९. हमालांनी वीसेक मिनिटांनी शोधून काढलं. घरी गेल्यावर बायकोनं शर्ट बघितला. बाह्या रोजच पिवळ्या होतात, पाठ कधी नाही. तिनं काही विचारलं नाही, शर्ट भिजत घातला.

त्यानंतर असं दोनदा झालं. रात्री दोनला जाग येते ती येतेच.

यातून बरं व्हायचं असं काही नसतं, हे डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलंय आणि मला ते पटलंय. मला टेबल परत वर हवंय. त्यासाठी धाकट्या शेठना निदान सांगू का? सांगितलं तर संध्याकाळपर्यंत यार्डात "दिवाणजींच्या डोक्यात फरक पडलाय" असं होईल, आणि ज्याच्या हातात लोकांचा हिशोब आहे त्याच्याबद्दल तसं होणं बरं नाही. नाही सांगितलं तर कारण काय देऊ? खोटं मला रचता येत नाही, कान लाल होतात. सर्टिफिकेट काढलं तर उपयोग होतो का? कुणाला मोठेपणी निदान झालं असेल, किंवा घरात असं माणूस असेल, तर सांगा.

आयर्विन४०

*

मनमौजी: दिवाणजी, एवढं मनाला लावून घेऊ नका. थोडंफार असं सगळ्यांचंच असतं. मलाही लग्नातली गर्दी नको वाटते. रोज सकाळी प्राणायाम करा, सगळं सुटेल.

आयर्विन४०: धन्यवाद. प्राणायाम ११ वर्षं करतोय. सगळं म्हणजे काय काय सुटतं?

मनमौजी: बरं बाबा, हरलो.

*

कराडची_वैनी: माझे मिस्टर असेच. निदान एक्कावन्नाव्या वर्षी. त्याआधी २४ वर्षं मी "ह्यांना माझं काही पडलेलंच नाही" हे धरून चालले होते. भांडणं सगळी त्याच एका वाक्यावर. आता मी "किती पसारा झालाय" असं हवेत बोलत नाही, "पलंगावरचे कपडे कपाटात ठेवा" म्हणते, की लगेच ठेवतात. इतकी वर्षं ते ऐकत नव्हते असं नाही, मी सांगतेय हेच त्यांना कळत नव्हतं. राग येतो कधी कधी, की सगळं मीच का फोडून सांगायचं. तो येऊ देते.

तुमच्या प्रश्नावर: खोटं बोलू नका, पण सगळं खरं एकाच दिवशी सांगायचं असंही बंधन नाही. "गोंगाटात माझ्याकडून आकडे चुकतात" हे खरंच आहे ना? मग तेवढंच सांगा.

आणि शर्ट न विचारता भिजत घातला, तिथं मी थांबले. त्या माउलीला कुणी विचारलंय का, तिला रात्री झोप लागते का?

आयर्विन४०: विचारलं. म्हणाली, तुम्ही दोनला उठता तेव्हा मीही जागीच असते. मला माहीत नव्हतं. सगळं खरं एकाच दिवशी सांगायचं बंधन नाही, ही नोंद ६३ वी.

*

ओळख_नको: मी समुपदेशन करते, त्यामुळे कोरडं वाटेल, पण सर्टिफिकेटबद्दल सांगते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, ऑटिझम त्यात आहे. यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) ऑनलाइन अर्ज, मग सरकारी रुग्णालयात तपासणी. ऑटिझमसाठी 'इसा' नावाची ४० मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी आहे, त्यात ७० च्या खाली गुण आले तर ऑटिझम नाही असं धरतात. चारचौघांकडे बघून बघून वागणं शिकलेला, एकोणीस वर्षं नोकरी टिकवलेला माणूस तिथं कमी गुणांत बसू शकतो, तशी मनाची तयारी ठेवा. सवलती बहुतेक ४० टक्के दिव्यांगत्वापासून सुरू होतात. आयकरात जुन्या पद्धतीनं भरत असाल तर दिव्यांग व्यक्तीला ७५,००० ची वजावट आहे. पण टेबलासाठी याचा उपयोग नाही. कामाच्या जागी सोय करून देण्याचं बंधन त्या कायद्याच्या कलम २० नं सरकारी आस्थापनांवर टाकलंय, पाच माणसांच्या अडत दुकानात ते दाखवून काही होणार नाही. उलट शेठ बिथरतील.

गोदामातल्या प्रसंगाला शटडाउन म्हणतात, म्हणजे ताण असह्य झाला की माणूस आतून बंद पडल्यासारखा होतो. तो राग नव्हे, नाटक तर नव्हेच. लाज वाटून घेऊ नका, पण तशी वेळ येईपर्यंत थांबूही नका. दिवसातून दोनदा दहा मिनिटं स्वतःहून गोदामात जाऊन या, शेठना सांगून, "माल बघून येतो" म्हणून. औषधाच्या दुकानात कानात घालायचे फोमचे बोळे मिळतात. त्यानं बोलणं ऐकू येतं, फक्त धार कमी होते. झोपेचं मात्र डॉक्टरांना वेगळं सांगा. ऑटिझमवर गोळी नाही, पण झोप उडणं आणि छातीत धडधडणं यांवर उपचार आहेत. रात्री फारच अंगावर आलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, फुकट, मराठीत बोलतात.

आयर्विन४०: बोळे आणले, ट्यूब शेठच्या परवानगीनं बदलली. दोन्हीचा फरक आहे. १४४१६ वर फोन करावा लागेल ना? तीच तर अडचण आहे.

ओळख_नको: मग नंबर तुमच्या घरच्या वैनी लावतील. तुम्ही फक्त शेजारी बसा.

*

थप्पीवाला: दिवाणजी, मी यार्डातलाच. दुकान सांगत नाही, तुम्ही लगेच ओळखाल. मालकाच्या बाजूनं सांगतो. १९ वर्षांचा दिवाणजी एकदम गप राहायला लागला, गोदामात जाऊन बसायला लागला, की मालकाच्या डोक्यात पहिल्यांदा आजार येत नसतो. पहिली शंका, शेजारच्या दुकानानं फोडला का. दुसरी, हिशोबात काही घोळ हाय का. म्हणजे तुम्ही जे झाकताय त्याच्यापेक्षा वंगाळ तो आत्ताच मनात धरून बसला असंल. तवा बोलाच.

पण सौदं चालू असताना नको. दुपारी माल उचलला, चहा आला, की बोला. आजाराचं नाव पहिल्या दमात काढू नका, आकडा काढा. वर बसत होता तवा किती पट्ट्या दुरुस्त करायला लागल्या, खाली आल्यापासनं किती. मालकाला आकडा लगेच कळतो. आणि तुमचं नुसतं "वर बसतो" नको, त्याला पण काहीतरी द्या. लोकांना दिसायला पाहिजे म्हणतोय ना? मग एक तास दिसा.

ते १४ रुपये शेठला झोंबले असतील, पण त्या शेतकऱ्यानं चार गावांत सांगितलं असणार, की त्या दुकानात पट्टी चोख असते. मी असतो तर तुम्हाला वर बसवून खाली जिन्यावर पाटी लावली असती.

आयर्विन४०: पाटीवर काय लिहिलं असतं?

थप्पीवाला: आता काय बोलावं तुम्हाला!

*

आयर्विन४०: बोललो. मंगळवारी, दुपारी सव्वाचारला, चहा आल्यावर. वही उघडून दाखवली. गेला अख्खा हंगाम वर बसून दुरुस्त केलेल्या पट्ट्या ३, यंदा खाली आल्यापासून पाच आठवड्यांत ११. म्हणालो, गोंगाटात मला आकडे नीट दिसत नाहीत, वर बसू द्या, ११ ते १२ खाली बसून लोकांना दिसतो. कान लाल झाले नाहीत. ऑटिझम हा शब्द काढला नाही. बायको म्हणाली, तो पुढच्या वर्षी.

शेठ वहीकडे बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "बघू."

मी विचारलं, "बघू म्हणजे नाही का?"

ते हसले. म्हणाले, "नाही हो, बघू म्हणजे बघू." ही नोंद कुठे करायची ते अजून ठरलेलं नाही.

गुरुवारी सकाळी दोन हमालांनी टेबल वर चढवलं. जिन्याच्या वळणावर एक पाय निखळला, सध्या ती बाजू बेदाण्याच्या बॉक्सवर टेकवलीय. डुगडुगत नाही. आज १७ पट्ट्या झाल्या, सगळ्या बरोबर. काल रात्री जाग आली ती चारला, दोनला नाही.

फक्त शेठनी एक फोनही वर आणून ठेवलाय. "खाली बसत नाही तर निदान फोन तरी उचला." आज तो ३८ वेळा वाजला. यासाठी वेगळा धागा काढू, की इथंच विचारू?