जुन्या पीसीवरचे थंडरबर्डचे मेल नव्या लॅपटॉपवर आणले, पण परमिशन नाही म्हणतंय

अंकाचं_काम_सोलापूर

नमस्कार मंडळी, अडकलेय, कुणाला माहीत असेल तर प्लीज सांगा. आम्ही एक छोटा दिवाळी अंक काढतो आणि त्याचा सगळा पत्रव्यवहार २००९ पासून ऑफिसातल्या जुन्या डेस्कटॉपवर थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्राममध्ये साठलाय. लेखकांनी पाठवलेल्या कथा, श्रीलिपीतल्या फाइली, अनुवादाच्या परवानग्यांचे मेल, चित्रकारांची बिलं, सगळं तिथेच. अकाउंट पॉपवालं आहे आणि सर्व्हरवर काही ठेवायचं नाही असं सेटिंग आधीपासून होतं, म्हणजे हे मेल जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. आता तो डेस्कटॉप मधेच बंद पडतो म्हणून नवा लॅपटॉप घेतला.

जुन्यावर उबुंटू लिनक्स १८.०४, नव्यावर २४.०४. कॉम्प्युटर बघायला येणाऱ्या मुलाने जुन्यावरून डॉट थंडरबर्ड नावाचं फोल्डर एक्सटर्नल डिस्कवर घेतलं, डिस्क नव्याला लावली, तर तिथे त्या फोल्डरवर कुलपाचं चिन्ह आणि उघडताच येईना. मग त्याने सुडो, म्हणजे ॲडमिनचे हक्क, लावून कॉपी केलं, स्नॅपच्या (उबुंटूच्या ॲप पॅकेजच्या) आत थंडरबर्डचं जे फोल्डर असतं तिथे टाकलं आणि गेला. आता थंडरबर्ड सुरू केलं की एक छोटी खिडकी येते, तुमचं प्रोफाइल लोड होत नाही, ते गायब आहे किंवा तिथवर पोचता येत नाही अशा अर्थाची, आणि ओके केलं की बंद. फाइली तर समोर दिसतायत, साइजही बरोबर आहे, मग पोचता येत नाही म्हणजे काय? मेल गेले तर नाहीत ना, एवढं तरी कुणी सांगा.

टर्मिनलवाला_नाशिक

ताई, मेल कुठेही गेलेले नाहीत, निश्चिंत राहा. फाइली जागेवर आहेत, फक्त त्या तुमच्या नावावर नाहीत. जुन्या मशीनवरून काही पुसू नका आणि ती डिस्क कुणालाही फॉरमॅट करू देऊ नका, बाकी सगळं निस्तरता येतं.

झालंय काय ते सांगतो. लिनक्स फाइलचा मालक नावाने लक्षात ठेवत नाही, नंबराने ठेवतो. उबुंटूवर पहिला जो युजर बनतो त्याचा नंबर १०००, दुसऱ्याचा १००१. तुमच्या जुन्या डेस्कटॉपवर बहुतेक दोन लॉगिन असणार आणि मेल दुसऱ्या लॉगिनमध्ये असणार. नव्या लॅपटॉपवर तुम्ही एकट्याच, म्हणजे १०००. डिस्कवरची फाइल म्हणते माझा मालक १००१, आणि या मशीनवर १००१ नंबरचं कुणी नाहीच, म्हणून कुलूप. थंडरबर्डचं प्रोफाइल फोल्डर मुळातच असं बनतं की मालक सोडून कुणालाही आत डोकावता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. मग त्या मुलाने सुडोने कॉपी केलं तेव्हा नवी प्रत रूटच्या, म्हणजे ॲडमिनच्या, नावावर झाली असेल. सातबारा दुसऱ्याच्या नावावर असला की जमीन समोर दिसत असूनही कसता येत नाही, तसं आहे हे.

अंदाजावर जाण्यापेक्षा एकदा बघून घेऊ. टर्मिनल उघडा, एलएस, मग स्पेस, मग डॅश एल एन डी आणि पुढे त्या फोल्डरचा पाथ, असं टाका आणि काय येतं ते इथे लिहा. मोबाईलवरून मराठी कीबोर्डने टाइप करतोय म्हणून कमांड अशा उच्चाराने लिहितोय, टर्मिनलमध्ये अर्थात इंग्रजी अक्षरंच टाकायची.

झटपट_उत्तर

एवढं कशाला, सीएचमॉड (परमिशन बदलायची कमांड) डॅश मोठा आर ७७७ मारा त्या फोल्डरवर, दोन सेकंदात चालू होईल. मी नेहमी तेच करतो.

सर्व्हर_सांभाळते

७७७ कृपा करून मारू नका ताई. चालू होईल हे खरं, पण त्याचा अर्थ त्या मशीनवरचा कुठलाही युजर, कुठलाही प्रोग्राम ते मेल वाचूही शकतो, बदलूही शकतो, पुसूही शकतो. त्याच फोल्डरमध्ये लॉगिन्स डॉट जेसन आणि की४ डॉट डीबी अशा दोन फाइली असतात, त्यात तुमचे सेव्ह केलेले पासवर्ड आणि ते उघडायची किल्ली असते, मास्टर पासवर्ड लावलेला नसेल तर या दोन फाइली ज्याच्या हाती लागल्या त्याला तुमच्या मेलचा पासवर्ड मिळाला. आणि तुमच्याकडे तर लेखकांची खाजगी पत्रं आहेत, ती त्यांनी तुमच्या भरवशावर पाठवलीत.

दुसरं म्हणजे ७७७ ने मालक बदलतच नाही. आज चालेल, उद्या दुसऱ्या कुठल्या तरी कामात तोच नंबर आडवा येईल. कुणी अख्खं होम फोल्डर असं उघडं केलं ना तर एसएसएच (दुसऱ्या मशीनवर लॉगिन करायचा प्रोग्राम) त्याच्या चाव्या वापरायलाच नकार देतं, कारण चावी सगळ्यांना वाचता येतेय हे त्याला चालत नाही. आजार मालकीचा आहे तर औषधही मालकीचंच हवं.

याच्या उलट टोकाचा सल्लाही नेटवर सापडतो, की सगळ्याला सरसकट ६००, म्हणजे फक्त मालकाला वाचा-लिहायची परवानगी, द्या. तेही नको. फाइलला ६०० चालतं, पण फोल्डरला एक्स लागतो, तो काढला की फोल्डरच्या आत शिरताच येत नाही आणि मग मालक असूनही परमिशन डिनाइड.

अंकाचं_काम_सोलापूर

खूप खूप आभार, मेल गेले नाहीत हे वाचून जिवात जीव आला. नाशिकवाले दादा म्हणाले तसंच निघालं. जुन्या डेस्कटॉपवर दोन लॉगिन आहेतच, एक हिशोबाचं आणि एक संपादनाचं, आणि मेल संपादनातले. डिस्कवरच्या फोल्डरपुढे १००१ १००१ असं येतंय आणि लॅपटॉपवरच्या प्रतीपुढे ० ०. डावीकडे डी आर डब्ल्यू एक्स आणि पुढे नुसत्या रेघा.

टर्मिनलवाला_नाशिक

० म्हणजे रूट. म्हणजे लॅपटॉपवरची प्रत रूटची आहे, आणि थंडरबर्ड चालतं तुमच्या नावाने, मग त्याला कसं दिसणार.

आता असं करा. दोन्ही मशीनवर थंडरबर्ड पूर्ण बंद. लॅपटॉपवर टर्मिनलमध्ये सुडो, मग सी-एच-ओ-डब्ल्यू-एन (चाऊन, मालक बदलायची कमांड), मग डॅश मोठा आर, मग तुमचं युजरनेम, कोलन, परत युजरनेम, आणि शेवटी फोल्डरचा पाथ. पाथ तुमच्या बाबतीत होम फोल्डर, त्यात स्नॅप, त्यात थंडरबर्ड, त्यात कॉमन, त्यात डॉट थंडरबर्ड. एंटर मारायच्या आधी पाथ दोनदा वाचा, कारण चुकून नुसती तिरकी रेघ राहिली तर अख्ख्या सिस्टीमचा मालक बदलतो आणि मग खरोखर मोठं काम होऊन बसतं.

त्यानंतर सुडो न लावता सीएचमॉड, डॅश मोठा आर, मग यू अधिक आर डब्ल्यू मोठा एक्स, आणि तोच पाथ. यातला एक्स मोठाच हवा. छोटा एक्स टाकला तर प्रत्येक मेल फाइल एक्झिक्युटेबल होते, मोठ्या एक्सने फक्त फोल्डरना आणि आधीपासून ज्यांना तो होता त्यांनाच मिळतो. वर सर्व्हरवाल्या ताई म्हणाल्या तो ६०० वाला घोळ यात होतच नाही.

अजून एक, प्रोफाइलच्या आत लॉक आणि डॉट पॅरेंटलॉक अशा दोन फाइली जुन्या मशीनवरून सोबत आल्या असतील. दोन्हीकडचं थंडरबर्ड बंद आहे याची खात्री करून लॅपटॉपवरच्या प्रतीतून त्या काढून टाका, नाहीतर थंडरबर्ड आधीच चालू आहे असं सांगत बसेल. आणि नव्या थंडरबर्डने एकदा प्रोफाइल उघडलं की जुनं व्हर्जन ते परत घ्यायला कुरकुर करतं, म्हणून डिस्कवरची मूळ प्रत आहे तशीच राहू द्या, तिला हात लावू नका.

वकिली_ऑफिस_ठाणे

मधे घुसतोय त्याबद्दल सॉरी, पण आमच्याकडे हाच प्रॉब्लेम विंडोजवर आहे. जुन्या पीसीची हार्ड डिस्क काढून नव्याला लावली, आउटलुकची पीएसटी, म्हणजे मेल साठवायची, फाइल सापडली पण उघडताना ती वापरायची परमिशन नाही म्हणतं. इथे चाऊन वगैरे काही असतं का?

सर्व्हर_सांभाळते

दुखणं तेच, फक्त विंडोजवर साध्या नंबराऐवजी एसआयडी नावाचा लांबलचक आकडा असतो. नव्या पीसीवर तुम्ही तेच नाव, तोच पासवर्ड ठेवला तरी एसआयडी वेगळाच असतो, म्हणून जुनी डिस्क ओळख देत नाही.

तुमच्यासाठी सर्वात सोपं म्हणजे पीएसटी जुन्या डिस्कवरूनच उघडायचा हट्ट सोडा आणि ती नव्या पीसीच्या डॉक्युमेंट्समध्ये कॉपी करा, कट-पेस्ट नाही, कॉपी. कॉपी झालेली फाइल नव्या फोल्डरच्या परमिशन घेते, पण एकाच पार्टिशनवर कट-पेस्ट केलं तर ती जुन्याच परमिशन बरोबर घेऊन येते. कॉपीलाच नाही म्हणत असेल तर ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये आधी टेकओन आणि मग आयकॅक्ल्स वापरून स्वतःला फुल हक्क द्या, पण फक्त त्या युजरच्या फोल्डरवर, अख्ख्या डिस्कवर नको. मग फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये रीड ओन्लीची टिक असेल तर काढा, आउटलुकला त्या फाइलमध्ये लिहावं लागतं. आणि फाइल पीएसटीच आहे ना बघून घ्या. ओएसटी (सर्व्हरवरच्या मेलची पीसीवरची प्रत) असेल तर ती दुसऱ्या मशीनवर अशी उघडत नाही, तिथे परमिशनचा प्रश्नच नाही, मेल सर्व्हरवरून परत आणावे लागतात.

वकिली_ऑफिस_ठाणे

पीएसटीच आहे. कॉपी करून बघतो, धन्यवाद मॅडम.

अंकाचं_काम_सोलापूर

झालं!! थंडरबर्ड उघडलं, सगळी फोल्डरं दिसतायत, वर्षावार लावलेली. २०११ च्या अंकासाठी एका लेखिकेने कथेचे तीन खर्डे पाठवले होते, तिन्ही उघडून बघितले, अटॅचमेंटसकट आहेत. दादा, ताई, कसे आभार मानू कळत नाही.

एक गोष्ट राहिलीय. आमचं एक जुनं संग्रह फोल्डर आहे, ते खूप मोठं म्हणून वेगळ्या एक्सटर्नल डिस्कवर ठेवलंय आणि जुन्या थंडरबर्डला तिथला पाथ दिला होता. त्या फोल्डरलाही सेम चाऊन केलं, आता एलएसमध्ये माझंच नाव येतं, फाइल मॅनेजरमध्ये फाइली उघडतात, पण थंडरबर्ड मात्र तिथे अजूनही परमिशन डिनाइड म्हणतं. मालक मीच आहे मग आता काय?

सोर्सकोड_गोवा

हा वेगळा प्रकार आहे, आणि उबुंटू २४.०४ वर आलेल्या बऱ्याच जणांना यात गोंधळायला होतं कारण चाऊन, सीएचमॉड सगळं बरोबर असूनही फरक पडत नाही. २४.०४ मध्ये थंडरबर्ड स्नॅप म्हणून येतं. स्नॅपला फाइलच्या परमिशनशिवाय वर अजून एक कुंपण असतं, ॲपआर्मरचं, आणि त्या कुंपणात बाहेरच्या डिस्का, म्हणजे मीडिया फोल्डरखाली येणाऱ्या, बंद असू शकतात. तुमच्या होममधली डॉटने सुरू होणारी लपवलेली फोल्डरंही साधारण बंदच असतात, म्हणूनच तर त्याचं प्रोफाइल नेहमीच्या जागी न राहता स्नॅपच्या आत असतं.

आधी बघा, स्नॅप कनेक्शन्स थंडरबर्ड अशी कमांड द्या, यादीत रिमूव्हेबल मीडियासमोर नुसती रेघ असेल तर ते जोडलेलं नाही. जोडायला सुडो स्नॅप कनेक्ट, मग थंडरबर्ड कोलन रिमूव्हेबल डॅश मीडिया. थंडरबर्ड बंद करून परत उघडा.

पण माझं मत विचाराल तर रोज वापरायचा संग्रह बाहेरच्या डिस्कवर ठेवूच नका. डिस्क लावायची राहिली आणि थंडरबर्ड उघडलं की त्याला फोल्डर सापडत नाही, केबल हलली आणि नेमकं तेव्हा ते फाइलमध्ये लिहीत असेल तर एमबॉक्सची वाट लागू शकते, कारण त्यात एका फोल्डरचे सगळे मेल एकाच लांब फाइलमध्ये एकाखाली एक असतात. लॅपटॉपमध्ये जागा असेल तर आत घ्या आणि बाहेरच्या डिस्कवर फक्त बॅकअप ठेवा.

बॅकअपसाठी पेन ड्राइव्ह वापरणार असाल तर तो कुठल्या फॉरमॅटचा आहे ते बघा. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही, आणि दहा-पंधरा वर्षांचा इनबॉक्स ४ जीबी सहज ओलांडतो. एक्सफॅटवर साइजची ती अडचण नाही पण तिथे मालक, परमिशन काहीच साठत नाही. कुणी मेलडिर वापरत असेल, म्हणजे एका मेलची एक फाइल, तर अजून पंचाईत, त्या फाइलींच्या नावात कोलन असू शकतो आणि फॅट, एक्सफॅट कोलन घेत नाहीत, कॉपी करताना एरर येते आणि घाईत कुणी स्किप ऑल दाबलं की वाचलेले मेल गुपचूप मागे राहतात. यावर सरळ उपाय म्हणजे सुटी फोल्डरं कॉपी न करता आधी सगळ्याचं एक टार (सगळं एकत्र बांधलेली फाइल) बनवायचं आणि ती एकच फाइल न्यायची, फक्त ती ४ जीबीपेक्षा मोठी असेल तर फॅट३२ वर नको. नव्या मशीनवर ती आपल्या साध्या युजरने उघडायची, सुडो न लावता, म्हणजे सगळ्या फाइली आपसूक आपल्याच नावावर होतात आणि हा धागाच काढावा लागत नाही.

टर्मिनलवाला_नाशिक

गोवावाल्यांशी सहमत. यातून मॅकवर जाणाऱ्यांनीही लक्षात घ्या, तिथे पहिल्या युजरचा नंबर ५०१ असतो, म्हणजे ईएक्सटी (लिनक्सचा डिस्क फॉरमॅट) किंवा टारमधून मालकी जशीच्या तशी नेली तर ती जुळणारच नाही. आणि मॅकच्या मोहावी व्हर्जनपासून ॲपलच्या मेलचं फोल्डर टर्मिनलला सुडोनेही उघडत नाही, ऑपरेशन नॉट परमिटेड येतं, तिथे सेटिंग्जमधल्या प्रायव्हसीत जाऊन टर्मिनलला फुल डिस्क ॲक्सेस द्यावा लागतो.

अंकाचं_काम_सोलापूर

स्नॅप कनेक्ट केलं आणि संग्रहसुद्धा उघडला. आता तो लॅपटॉपच्या आतच घेतेय, कॉपी चालू आहे. फक्त काही फोल्डरांत मेलचा आकडा दिसतो पण यादी कोरी येते, हेही परमिशनचंच का?

टर्मिनलवाला_नाशिक

नाही, ती इंडेक्सची भानगड आहे. प्रत्येक मेल फाइलशेजारी त्याच नावाची एमएसएफ एक्सटेन्शनवाली फाइल असते, ती नुसती अनुक्रमणिका असते, मेल त्यात नसतात. कॉपी पूर्ण होऊ द्या, मग फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, रिपेअर फोल्डर. एवढ्याने नाही झालं तर थंडरबर्ड बंद करून त्या फोल्डरची एमएसएफ काढून टाका, उघडल्यावर ते स्वतः नवी बनवतं, मोठ्या फोल्डरला वेळ लागतो, तोवर बंद करू नका. काढताना नाव नीट वाचा, एक्सटेन्शन नसलेली जी मोठी फाइल आहे ती म्हणजे तुमचे मेल, तिला हात नको.